स्मृतीतील बाइट आणि दर्शकाचा प्रकार

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या लहान लहान घरांची एक अतिशय लांब ओळ होय. प्रत्येक घरात ८ बिटे मावतात. म्हणजे ० पासून २५५ पर्यंतची कोणतीही एक संख्या त्यात राहू शकते. अशा घराला बाइट म्हणतात आणि त्याच्या क्रमांकाला पत्ता. घरात ठेवलेली वस्तू कोणत्या जातीची आहे, याची घराला मात्र काहीच कल्पना नसते. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या संकेताप्रमाणे मराठी ‘क’ हे अक्षर तीन घरे व्यापते व त्यांत अनुक्रमे २२४, १६४ आणि १४९ या संख्या असतात. यांपैकी पहिली दोन घरे मिळून एकच संख्या आहे असे समजून ती वाचली, तर एका जातीच्या यंत्रावर ४२,२०८ हे उत्तर येईल आणि दुसऱ्या जातीच्या यंत्रावर ५७,५०८. घरांतील मजकूर तोच, पण वाचणाऱ्याची समजूत निराळी म्हणून अर्थ निराळा.

ही समजूत आज्ञावलीत कोठे नोंदवावयाची? ‘सी’ आणि तिच्यापासून निघालेल्या ‘सी प्लस प्लस’ या भाषांत तिची जागा दर्शकात आहे. दर्शक, म्हणजे ज्याला इंग्रजीत पॉइंटर म्हणतात तो, स्मृतीतील एखाद्या घराचा पत्ता जवळ बाळगतो. परंतु त्याच्याजवळ नुसता पत्ता नसतो. त्या पत्त्यावर काय आहे असे समजावे, हेही त्याच्या प्रकारात सांगितलेले असते. ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकाराचा दर्शक असेल, तर आजच्या बहुतेक यंत्रांवर तेथून चार घरे एकदम वाचली जातात, आणि दर्शकात १ मिळविला म्हणजे तो एक घर नव्हे तर चार घरे पुढे सरकतो. एका बाइटाचा दर्शक एकेक घर चालतो.

नेहमीच्या कामात हा प्रकार ठरविण्यास श्रम पडत नाहीत. पूर्णांकांची यादी असेल तर पूर्णांकाचा दर्शक घ्यावयाचा, एवढेच. अडचण उभी राहते ती कच्च्या स्मृतीशी गाठ पडते तेव्हा. फाइलीतून उचललेला मजकूर, दूरच्या यंत्राकडून तारेवाटे आलेला संदेश, एका ठिकाणाहून दुसरीकडे जशीच्या तशी न्यावयाची सामग्री, यांना वाचण्यापूर्वी कोणताच प्रकार नसतो. अशा वेळी प्रोग्रॅमरपुढे तीन-चार दर्शक हात जोडून उभे असतात, आणि वरवर पाहता कोणताही घेतला तरी काम भागते. तसे ते पुष्कळ वर्षे भागतेही. पुढे एखाद्या दिवशी भागत नाही.

निवड करण्याची वेळ कशी आली

‘सी’ भाषेच्या पूर्वजांना हा प्रश्न पडलाच नव्हता. मार्टिन रिचर्ड्‌स यांची बीसीपीएल आणि तिच्यावरून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी सिद्ध केलेली ‘बी’ या दोन्ही भाषांत प्रकार असा नव्हताच. यंत्राचा एक शब्द, म्हणजे ठराविक बिटांचा एक गट, हीच एकमेव वस्तू. तिला संख्या म्हणा, पत्ता म्हणा, नाहीतर अक्षरे म्हणा. ज्या पीडीपी-७ यंत्रावर ‘बी’ प्रथम चालली, त्याची स्मृती १८ बिटांच्या शब्दांनीच मोजली जात असल्यामुळे यात काही बिघडत नसे. १९७० साली प्रयोगशाळेत पीडीपी-११ हे यंत्र आले. त्याचा शब्द १६ बिटांचा होता, पण प्रत्येक बाइटाला स्वतंत्र पत्ता होता. एकाच शब्दात दोन पत्ते आल्याबरोबर दर्शकाने कोणत्या मापाने चालावे, हा प्रश्न उत्पन्न झाला. डेनिस रिची यांनी १९७१ पासून भाषेत प्रकार घालण्यास आरंभ केला आणि १९७३ च्या सुमारास ‘सी’ला तिचे ओळखीचे रूप आले, त्यामागे असलेल्या कारणांत हे एक प्रमुख कारण होते.

एका बाइटाच्या प्रकाराला रिची यांनी अक्षरवाचक इंग्रजी शब्दाचा संक्षेप योजला. त्याचा उच्चार काही जण ‘चार’ असा करतात. परंतु मराठीत तो संख्येशी घोटाळा करील, म्हणून या लेखात तो सर्वत्र ‘कॅर’ असा लिहिला आहे. बाइट हे अक्षर ठेवण्याचे पात्र, अशी त्या काळची कल्पना होती. कोणत्याही वस्तूकडे दाखविणारा सर्वसाधारण दर्शक भाषेत नव्हता, तेव्हा ते कामही कॅरच्या दर्शकाकडेच आले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या कर्निघन व रिची यांच्या पुस्तकातही तेच आढळते. अक्षर आणि कच्चा बाइट या दोन भिन्न वस्तूंना अशा रीतीने एकच नाव मिळाले. पुढील बहुतेक गोंधळाचे मूळ येथे आहे.

चिन्हाचा घोटाळा

बाइटात ० ते २५५ या संख्या राहतात असे वर म्हटले आहे. परंतु ऋण संख्याही ठेवावयाच्या असतील, तर त्याच ८ बिटांचा अर्थ −१२८ ते १२७ असा लावता येतो. तेव्हा सर्वांत वरचे बिट १ असले म्हणजे संख्या ऋण समजतात. अशा वाचनात २२४ चे −३२ होतात, १६४ चे −९२ आणि १४९ चे −१०७. कॅर हा प्रकार या दोहोंपैकी कोणत्या रीतीने वाचावा? पीडीपी-११ हे यंत्र बाइट उचलताना त्याला ऋण-धन चिन्हासह उचलीत असे, म्हणून तेथे कॅर चिन्हासहित ठरला. इतर यंत्रांची सवय निराळी होती. १९८९ साली अमेरिकेत भाषेचे प्रमाणीकरण झाले, तेव्हा तीन स्वतंत्र प्रकार मान्य करण्यात आले: साधा कॅर, चिन्हासहित ‘साइन्ड कॅर’ व चिन्हरहित ‘अनसाइन्ड कॅर’. साध्या कॅरने या दोहोंपैकी कोणासारखे वागावे, हे कंपायलर बनविणाऱ्यावर सोपविले गेले. लिनक्स प्रणालीत एक्स-८६ जातीच्या प्रोसेसरवर तो चिन्हासहित असतो आणि एआरएम जातीच्या प्रोसेसरवर सामान्यतः चिन्हरहित. एकच आज्ञावली दोन यंत्रांवर दोन प्रकारे वागू शकते, ती अशी.

इंग्रजी अक्षरांचे संकेत १२७ च्या आत असल्यामुळे इंग्रजी मजकुरात हा भेद कधीच दिसत नाही. देवनागरीची गोष्ट वेगळी आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचे तिन्ही बाइट १२७ च्या वर असतात. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली प्रमाणित झालेल्या इस्की या संकेतातही भारतीय वर्णांची जागा वरच्याच अर्ध्या भागात होती. म्हणजे चिन्हासहित वाचन करणाऱ्या यंत्रावर साध्या कॅरचा दर्शक मराठी मजकुरावरून फिरला, तर त्याला एकामागून एक ऋण संख्याच लागतात. कोणता बाइट किती वेळा आला हे मोजण्यासाठी २५६ खणांची सारणी करावी आणि आलेल्या संख्येलाच खणाचा क्रमांक मानावे, ही अगदी साधी रीत आहे. पण −३२ क्रमांकाचा खण सारणीत नसतो. सारणीच्या अगोदर जे काही स्मृतीत असेल, त्यावरच मोजणी चढू लागते.

याहून सूक्ष्म आणि अधिक गंभीर असा एक दोष २०११ साली उघडकीस आला. परवलीचे शब्द संगणकात जसेच्या तसे ठेवू नयेत, त्यांचा उलगडता न येणारा ठसा ठेवावा, असा संकेत आहे. असा ठसा काढण्याची बीक्रिप्ट नावाची पद्धत नील्स प्रोव्होस व डेव्हिड मॅझिएरेस यांनी १९९९ साली मांडली. तिची ‘क्रिप्ट ब्लोफिश’ ही मुक्त आज्ञावली पुष्कळ प्रणालींत वापरली जात होती. संकेतस्थळे चालविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी भाषेतही ती होती. तिचे पहिले काम असे: परवलीच्या शब्दाचे बाइट चार-चारच्या गटांनी घेऊन प्रत्येक गटाची ३२ बिटांची एक संख्या बनवावयाची. त्यासाठी आधीची संख्या ८ बिटे डावीकडे सरकवितात आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवा बाइट ‘किंवा’ या क्रियेने बसवितात. या क्रियेत दोहोंपैकी एका ठिकाणी जरी १ असला तरी उत्तर १ येते. शब्द संपल्यावर त्याच्या शेवटी असलेला शून्य बाइट घेऊन पुन्हा आरंभापासून सुरुवात करतात, व असे १८ गट भरतात.

शब्दावरून फिरणारा दर्शक साध्या कॅरचा होता. १४९ हा बाइट −१०७ म्हणून उचलला जाई, आणि त्याला ३२ बिटांपर्यंत रुंद करताना ऋण चिन्ह राखण्यासाठी वरची २४ बिटे १ ने भरली जात. मग ‘किंवा’ क्रिया होताच त्या २४ बिटांत अगोदर बसविलेले तीन बाइट काय होते, याचा काहीच मागमूस उरत नसे. सर्व जागी नुसते १.

याचा परिणाम मराठी शब्दांवर काय झाला असता, हे हाताने हिशेब करून पाहता येते. ‘नाशिक’ या शब्दात युनिकोडच्या गणनेप्रमाणे न, काना, श, ऱ्हस्व वेलांटी व क असे पाच वर्ण आहेत. त्यांचे १५ बाइट आणि शेवटचे शून्य मिळून १६ होतात, म्हणजे बरोबर चार गट:

२२४, १६४, १६८, २२४
१६४, १९०, २२४, १६४
१८२, २२४, १६४, १९१
२२४, १६४, १४९, ०

पहिल्या तीन गटांत चौथा बाइट तेवढा टिकतो, बाकीचे तीन पुसले जातात. शेवटच्या गटात १४९ व ० टिकतात. आता ‘मासिक’ हा शब्द घ्यावा. त्यात १६८ च्या जागी १७४ येतात आणि १८२ च्या जागी १८४. इतर सर्व बाइट तेच. बदललेले दोन्ही बाइट पुसल्या जाणाऱ्या जागीच आहेत. म्हणून दोन्ही शब्दांपासून बनणाऱ्या संख्या अगदी एक येतात, आणि ‘नाशिक’ने लावलेले कुलूप ‘मासिक’ने उघडते. ‘भाविक’ आणि ‘नाविक’ यांनीही ते उघडेल. शब्दाची लांबी निराळी असती तर पुढच्या फेरीत बाइटांच्या जागा बदलून हरवलेल्यांपैकी काही पुन्हा हिशेबात आले असते. चारच्या पटीत मात्र प्रत्येक फेरी पहिल्या फेरीसारखीच होते. युरोपीय भाषांतील स्वरांवर चिन्हे असलेली अक्षरे किंवा पौंडाची खूण ज्यांच्या परवलीच्या शब्दात होती, त्यांचेही शब्द अशाच रीतीने दुबळे झाले होते. ज्यांचा शब्द निव्वळ इंग्रजी अक्षरांचा होता, त्यांना मात्र काहीच झाले नाही, आणि म्हणूनच दोष बरीच वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही.

दुरुस्ती एका शब्दाची होती: बाइट वाचताना तो अनसाइन्ड कॅर समजावा. निस्तरण्याचे काम मात्र मोठे होते, कारण जुन्या चुकीच्या रीतीने काढलेले ठसे ठिकठिकाणी साठवलेले होते. त्यांना ओळखता यावे म्हणून ‘२ एक्स’ आणि दुरुस्त रीतीने काढलेल्यांना ‘२ वाय’ अशी निरनिराळी अग्रचिन्हे द्यावी लागली. पीएचपीमध्ये ही दुरुस्ती ऑगस्ट २०११ मधील ५.३.७ या आवृत्तीत आली.

रिक्त दर्शक व त्याचा उंबरठा

१९८९ च्या प्रमाणीकरणाने सर्वसाधारण दर्शकाचे काम कॅरकडून काढून घेऊन ‘व्हॉइड’ या प्रकाराला दिले. व्हॉइड म्हणजे रिक्त. रिक्त दर्शक पत्ता सांगतो. तेथे काय आहे हे सांगत नाही. यामुळे त्याच्यामधून काही वाचता येत नाही, आणि प्रमाणित भाषेत त्यात १ मिळवून पुढेही सरकता येत नाही, कारण किती घरे सरकावे हेच ठाऊक नाही. जीसीसी हा कंपायलर त्याचे माप एक बाइट मानून सरकण्यास मुभा देतो. ती त्या कंपायलरची सवलत होय, भाषेचा नियम नव्हे.

एवढा अपंग दर्शक कशासाठी हवा, असे वाटेल. त्याचे स्थान फंक्शनच्या उंबरठ्यावर आहे. स्मृती मागून घेणारे ‘मॅलॉक’ किंवा एका जागेचे बाइट दुसऱ्या जागी नेणारे ‘मेमकॉपी’ यांना कोणत्याही प्रकारची वस्तू चालते, आणि ते त्यांच्या रिक्त दर्शकावरूनच वाचणाऱ्यास कळते. ‘सी’मध्ये कोणत्याही वस्तूचा दर्शक तेथे विनासायास स्वीकारला जातो. ‘सी प्लस प्लस’मध्ये आत जाताना अडवणूक नाही, पण रिक्त दर्शकातून परत विशिष्ट प्रकाराकडे येताना तसे स्पष्ट लिहावे लागते. उंबरठा ओलांडून आत आल्यावर बाइटांना हात लावावयाचा असेल, तर रिक्त दर्शकाचे रूपांतर अनसाइन्ड कॅरच्या दर्शकात करावे. नुसते वाचावयाचे असेल तर तो ‘कॉन्स्ट’, म्हणजे बदल न करणारा, असा घोषित करावा. साधा कॅर खऱ्याखुऱ्या मजकुरासाठी राखून ठेवलेला बरा.

अनसाइन्ड कॅरच का, पूर्णांकाचा दर्शक का नको? चार बाइट एका दमात वाचता आले तर वेग वाढेल, असा मोह पुष्कळांना होतो. येथे कंपायलरचे एक गृहीतक आड येते. दोन भिन्न प्रकारांचे दर्शक एकाच वस्तूकडे बोट दाखवीत नसतात, असे तो समजून चालतो आणि त्या विश्वासावर वाचन-लेखनाचा क्रम बदलतो, काही वाचने तर गाळूनही टाकतो. अपूर्णांकांच्या ‘फ्लोट’ प्रकारात ठेवलेल्या १.० या संख्येची ३२ बिटे पूर्णांक म्हणून वाचली तर ती १,०६,५३,५३,२१६ भरतात. पण तसे वाचण्यासाठी त्या जागेवर पूर्णांकाचा दर्शक रोखणे भाषेच्या नियमाबाहेरचे आहे. आज बरोबर आलेले उत्तर कंपायलरची अधिक वेगवान आज्ञावली बनविण्याची सूचना चालू करताच चुकू शकते. कॅरच्या प्रकारांना या नियमातून सूट आहे. त्यांच्या दर्शकाने कोणत्याही वस्तूचे बाइट तपासावेत, कंपायलर हरकत घेत नाही. संपूर्ण संख्याच हवी असेल तर मेमकॉपीने ते बाइट एका पूर्णांकात उतरवून घ्यावेत. आजचे चांगले कंपायलर अशा ठिकाणी फंक्शन न बोलाविता एखाद्याच यंत्र-आज्ञेत काम उरकतात, त्यामुळे वेगाची चिंताही राहत नाही. लिनक्सच्या गाभ्याच्या लेखकांनी मात्र हे गृहीतकच बंद करण्याची सूचना कंपायलरला देऊन ठेवली आहे. एवढ्या मोठ्या आणि एका हाताखालच्या कामात ते शोभते.

पूर्णांकाच्या दर्शकाविरुद्ध आणखी एक कारण आहे. काही प्रोसेसर चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरूनच उचलतात. स्पार्क जातीच्या यंत्रावर विषम पत्त्यावरून पूर्णांक वाचू पाहणारी आज्ञावली जागच्या जागी थांबते. एक्स-८६ सामान्यतः असे वाचन चालवून घेते, म्हणून तेथे तपासलेली आज्ञावली दुसरीकडे जाईपर्यंत दोष झाकलेला राहतो.

१९९९ च्या प्रमाणात आलेला ‘यूइंट ८’ हा नेमक्या ८ बिटांचा प्रकार व्यवहारात जवळजवळ सर्वत्र अनसाइन्ड कॅरचेच दुसरे नाव असतो, पण तो तसाच असावा असे प्रमाणात म्हटलेले नाही; तेव्हा वरील सूट त्याला निश्चितपणे लागू आहे असे मानता येत नाही. ‘सी प्लस प्लस’मध्ये २०१७ साली ‘बाइट’ नावाचाच स्वतंत्र प्रकार आला. त्याला ही सूट आहे, त्यावर बिटांच्या क्रिया करता येतात, पण बेरीज-वजाबाकी करता येत नाही आणि तो अक्षर म्हणून छापलाही जात नाही. अक्षर आणि कच्चा बाइट यांची फारकत अखेर या प्रकाराने झाली.

जेथे बाइटाचा दर्शकही चुकतो

स्मृतीच्या पत्त्यांमागे नेहमी स्मृतीच असते असे नाही. पुष्कळ यंत्रांत बाहेरील उपकरणांच्या नोंदखान्यांनाही तसेच पत्ते दिलेले असतात. येथे वरील उपदेश उलटतो. उपकरणाचा नोंदखाना ३२ बिटांचा असेल आणि तो एकदम वाचावा अशी अट असेल, तर त्याच रुंदीचा दर्शक घेतला पाहिजे; बाइट-बाइट वाचल्यास मधल्या काळात मजकूर बदलू शकतो. शिवाय तेथे वाचणे हीच एक कृती असते. अनुक्रमी संदेशवहनाच्या १६५५० या प्रसिद्ध चिपमध्ये आलेला बाइट वाचला की तो रांगेतून निघून जातो. कंपायलरने एखादे वाचन निरुपयोगी समजून गाळले किंवा दोनदा केले, तर संदेशच बिघडेल. यासाठी असा दर्शक ‘व्होलटाइल’ म्हणून घोषित करतात, म्हणजे लिहिले आहे तितक्याच वेळा, त्याच क्रमाने वाचन व्हावे अशी कंपायलरला ताकीद मिळते. सामान्य स्मृतीवर मात्र ही ताकीद लावण्याचे कारण नाही.

दर्शकाच्या कोणत्याच प्रकारात न मावणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे लांबी. घरे कोठून सुरू होतात हे दर्शक सांगतो. कोठे संपतात हे सांगत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपन-एसएसएल या सुरक्षित संदेशवहनाच्या आज्ञावलीत सापडलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष याच जागी होता. जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी एक यंत्र दुसऱ्याला थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवी, व दुसऱ्याने तोच मजकूर परत करावयाचा असे. त्या आज्ञावलीत दर्शक अनसाइन्ड कॅरचा होता. लांबीचे दोन बाइट सरकवून एक संख्या करण्याची कृतीही निर्दोष होती. परंतु पाठविणाऱ्याने सांगितलेली लांबी खरी मानून तितके बाइट मेमकॉपीने उचलले जात. एक-दोन बाइट पाठवून चौसष्ट हजारांचा दावा करणाऱ्याला उरलेले बाइट शेजारच्या स्मृतीतून मिळत, मग तेथे कोणाचा परवलीचा शब्द असो वा गुप्त किल्ली असो. ‘सी प्लस प्लस’मध्ये २०२० साली आलेला ‘स्पॅन’ पत्ता व लांबी एकत्र बाळगतो. ‘रस्ट’ या नव्या भाषेत तर ती जोडी मूळ भाषेतच आहे व मर्यादेबाहेरचे वाचन आज्ञावली चालू असतानाच अडविले जाते. ओपन-एसएसएलची दुरुस्ती त्या मानाने साधी होती. १.०.१ जी या आवृत्तीपासून आलेल्या संदेशाची खरी लांबी दाव्याशी ताडून पाहिली जाऊ लागली, आणि दावा मोठा आढळल्यास तो संदेश उत्तर न देता टाकून दिला जाऊ लागला.